लिननची खोळ

सोफा ऑनलाइन मागवला तेव्हा त्याच्या रंगाचं नाव वाचूनच मला हसू आलं होतं. 'धुकं' म्हणे. घरी आल्यावर तो साधा पांढुरका निघाला, बघता बघता मळणारा. वर फिकट लिननची खोळ, चेन लावलेली, काढून धुता येणारी. साइटवरच्या फोटोत एक बाई अनवाणी पाय दुमडून त्यावर वाचत बसली होती. तिच्या घरात दुसरं कुणी राहत नसावं. आमच्या घरात तिघं राहत होतो: मी, बायको आणि माझी आई.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडात पेस्ट घालून ठसा घेतात, तो माझ्याकडे येतो, मी त्यात प्लास्टर ओततो आणि ते तोंड माझ्या टेबलावर तयार होतं. आयुष्य यातच गेल्यामुळे कुठेही खळगा दिसला की तिथे काय दाबलं गेलं असेल ते मला आपोआप दिसतं. यात फुशारकी नाही, हाताला लागलेली सवय आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही तो शब्द मी वापरत नाही.

सोफा जोडून झाला, खोळ ओढूनताणून चढवली, सुरकुत्या हातानं सपाट केल्या. बायको चहा ठेवायला आत गेली आणि आई तिच्या खोलीतून बाहेर आली. आई कोपरांना आणि गुडघ्यांना सांधेदुखीचं पिवळं मलम चोपडते. त्याचा डाग जाता जात नाही. ती कौतुकानं सोफ्याकडे बघत बसायला वाकली आणि मी म्हणालो, "आई, थांब. कंपनीनं सांगितलंय, पहिला आठवडाभर कुणी बसायचं नाही. आतला फोम फुलायला वेळ लागतो."

ती वाकलेली तशीच थांबली. मग सोफ्याला हात न लावता सरळ झाली.

"असं होय," म्हणाली. "बरं झालं सांगितलंस."

संध्याकाळी मी आणि बायको सोफ्यावर ऐसपैस बसून टीव्ही बघत होतो. थाप मारून मी ती विसरूनही गेलो होतो. आई बाहेर आली आणि तिनं आम्हाला पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ती गॅलरीत गेली, तिथलं प्लास्टिकचं स्टूल उचलून आणलं, दाराजवळ ठेवलं, त्यावर बसली.

"मऊ आहे ना रे?"

"आहे," मी म्हणालो.

तेव्हाच उठून तिला हाताला धरून बसवायला हवं होतं. पण मग थाप कबूल करावी लागली असती, तीही बायकोसमोर. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. आठवडा उलटला, आई स्टुलावरच बसत राहिली, आणि आता बोलायला गेलो तर ते जास्तच विचित्र दिसेल असं वाटून मी तो विषय सोडून दिला.

पुढे एका सकाळी सोफ्याच्या डाव्या टोकाला खोळ दबलेली दिसली. मधोमध नाही, अगदी कडेला. पाठ न टेकता, नुसतं टेकल्यासारखं कुणी बसावं तसा खळगा. दवाखान्यात आपला नंबर कधी लागतोय याची वाट बघणारी माणसं अशी बसतात. मी हात फिरवून तो सपाट केला. कामावरून परत आलो तेव्हा खळगा पुन्हा होता.

"आपण नसताना आई बसत असेल," मी बायकोला म्हणालो.

"मग बसू देत की. आपण असताना का नाही बसत त्या? मी विचारलं, तर म्हणाल्या, फोम फुलायचाय अजून." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "कसला रे फोम?"

"मला काय माहीत."

दुसरी थाप पहिलीपेक्षा सोपी गेली, त्याची जास्त लाज वाटली. आणि आई चोरून बसते या विचारानं मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. निदान बसते तरी, असं.

रविवारी बायको अंघोळीला गेली होती. आई दाराजवळ स्टुलावर बसून मटार सोलत होती, मी समोर खुर्चीत पेपर वाचत होतो. सोफा रिकामा होता. मी पान उलटलं तेव्हा डाव्या टोकाची खोळ हळूहळू खाली जात होती. आवाज काहीच नाही. आधी मध्ये दबली, मग दोन्ही बाजूंना, आणि शेवटी कडेच्या शिवणीवर बारीक सुरकुत्या उमटल्या. कुणी तरी जपून, अंग चोरून बसलं होतं. आई सोलत राहिली. तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी खोळ काढली. आतला फोम टणक होता, सपाट होता. खोळ धुतली, वाळवली, कडक इस्त्री करून पुन्हा चढवली. चेन लावून होईपर्यंत खळगा परत आला होता. पुन्हा काढली. फोम सपाट.

माणूस घाबरला की हाताच्या सवयीच्या कामाकडे वळतो. एका सुट्टीच्या दिवशी दोघी बाहेर गेल्यावर मी त्या खळग्यावर पातळ प्लास्टिक अंथरलं, भोवती पुठ्ठ्याची कड केली आणि प्लास्टर कालवून ओतलं. ओल्या प्लास्टरच्या वजनानं कापड आणखी दबायला हवं होतं. ते तसूभरही दबलं नाही. प्लास्टर गरम झालं, घट्ट झालं. मी ते उचलून उलटं केलं.

मांड्यांचे दोन उंचवटे होते, तेही अर्धेच. दोन्ही बाजूंना सोफ्याची कड घट्ट धरलेली बोटं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आत वळलेलं.

आईचं ते बोट तरुणपणी दारात चेंगरलं होतं. तेव्हापासून ते सरळ होत नाही. ते बोट धरून मी चालायला शिकलो आहे.

ते प्लास्टर गोणपाटात गुंडाळून मी कामावर नेलं आणि हातोडीनं फोडलं. फोडताना रडू आलं.

त्यानंतर मी आईवर लक्ष ठेवू लागलो. ती जेवत होती, बोलत होती, आमच्या टीव्हीवरच्या मालिकांना नावं ठेवत होती. पण ती पलंगावरून उठल्यावर चादर नुकतीच ताणून घातल्यासारखी असायची. आधी वाटलं, आईचा टापटिपीचा स्वभाव. मग एका दुपारी ती झोपून उठली आणि ती खोलीबाहेर पडताच मी आत गेलो. उशीला खड्डा नव्हता. चादरीला एक वळी नव्हती. फक्त कोपराच्या जागी मलमाचा ताजा पिवळा डाग होता.

त्याच आठवड्यात ताई आली, माझी मोठी बहीण. आईनंच तिला बोलावून घेतलं होतं.

"काही दिवस हिच्याकडे राहते," आई म्हणाली. तिच्या दोन्ही बॅगा भरलेल्या होत्या आणि भिंतीवरचा बाबांचा फोटोही तिनं काढून घेतला होता. ती परत यायची नव्हती, हे मला कळलं. तिला थांबवायची ही शेवटची संधी आहे, हेही कळलं.

"आई, बस ना जरा सोफ्यावर," मी म्हणालो. आणि पुढे, माझं मलाच खरं वाटेना, "फुललाय आता फोम."

आईनं सोफ्याच्या डाव्या टोकाकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"मला नको म्हणूस. आधी तिला म्हण. केव्हाची तशीच बसलीये ती."

ताई दारात चपला घालत होती. बायको पाण्याची बाटली भरून घेऊन आली होती. मला फक्त वळून म्हणायचं होतं, नीट टेकून बस. रिकाम्या सोफ्याशी बोलताना या दोघींनी मला पाहिलं तर काय म्हणतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला.

"काय म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

आई माझ्याकडे बघत होती. मग तिनं चपला घातल्या.

खाली गाडीत बसवताना मी तिचा हात धरला. ती सीटवर टेकली. सीटचं कव्हर हललंही नाही.

रात्री मी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्या थापेपासून.

"म्हणजे इतके दिवस त्यांना वाटलं असणार," ती म्हणाली, "की मीच बसू देत नाहीये."



आता रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी सोफ्यावर त्या खळग्याच्या शेजारी बसतो. मोठ्यानं म्हणतो, "आई, टेकून बस." बायको समोर असली तरी म्हणतो. तिला त्याची सवय झाली आहे.

खळगा कडेवरून मागे सरकत नाही.

ताईकडे फोन करतो. आई म्हणते, जेवले. म्हणते, बरं आहे इथे. परत ये म्हटलं की विचारते, "तिला म्हणालास का?"

"म्हणालो."

"मग ऐकलं का तिनं?"

शेजारी ती तशी बसलेली असताना मला मागे रेलून बसवत नाही. मीही कडेलाच बसतो, दोन्ही हातांनी कड धरून.

काल बायकोनं आतून हाक मारली म्हणून मी उठलो. जाता जाता सवयीनं खोळ नीट करायला वळलो. डाव्या टोकाचा खळगा होता तसाच होता. त्याच्या शेजारी, जिथून मी आत्ताच उठलो होतो, तिथे मी हात फिरवला.

नीट करण्यासारखं काही नव्हतं. कापड इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.