क्लास फॉर्टीचं बीड

नागपूरजवळ हिंगण्याच्या फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तयार व्हायचं. तिथे दामिनीची तपासणीची खोली सगळ्यात मागे होती. तिकडे कुणी चुकूनच यायचं. धम्मानंदही चुकूनच आला... बुटीबोरीच्या पंपाच्या कारखान्यातून, हातात ड्रॉइंगची गुंडाळी, कपाळावर मार्चचा घाम.

“परचेस ऑफिस इकडेच ना?”

“नाही. इकडे फक्त लोखंड ताणून तोडतात.”

तो हसला. जायचं सोडून त्याने ड्रॉइंग तिच्या टेबलावर पसरलं. “मग तुम्हीच सांगा. अमेरिकेचं गिऱ्हाईक क्लास फॉर्टीचं बीड मागून राहिलं. आमचे साहेब म्हणतात, आपली इकडची ग्रेड, एफजी टू-सिक्स्टी, म्हणजे तेच.”

“तेच नाही. चाळीस हा त्यांच्या मापातला ताकदीचा आकडा. आपल्या मापात दोनशे शहात्तर होतो. तुमचं दोनशे साठ कमी पडेल. एफजी थ्री-हंड्रेड घ्या.”

“सोळानं काय बिघडते?”

“पंप फुटला की विचारा.”

तो साहेबांशी भांडला. ग्रेड बदलली, नमुना अमेरिकेत पास झाला. हे सांगायला तो मुद्दाम आला, आणि मग येतच राहिला, दर वेळी ग्रेडचा नवा प्रश्न घेऊन. जर्मनांच्या जुन्या जीजी पंचवीसला आता युरोपात काय म्हणतात? जपानचं एफसी अडीचशे आपल्या कशाच्या जवळ जातं?

“हे फोनवर दोन मिनिटांत सापडतं,” ती एकदा म्हणाली.

“सापडते ना. पण फोन असा चष्म्यावरून रागानं पाहत नाही.”

दामिनीने घाईने मान खाली घातली. कान मात्र तापले होते.

तो यायच्या दिवशी ती दोनदा ओढणी बदलायची... आणि स्वतःवरच चिडायची. संध्याकाळी बेसा भागातल्या फ्लॅटवर परतायची. आई आणि तिने मिळून घेतलेलं घर. गेल्या वर्षी धंतोलीच्या दवाखान्यातून आई परत आलीच नाही. दामिनी बातम्या लावून ठेवायची. ऐकायची नाही, घरात कुणाचा तरी आवाज असावा, एवढंच. पोळी ओट्याशी उभ्याउभ्याच खायची.

मे महिन्यात धम्मानंद आला तेव्हा त्याच्या हातात ड्रॉइंग नव्हतं.

“कोइम्बतूरले जाऊन राहिलो. दोन वर्षं. त्या ऑर्डरमुळं अमेरिकेचं सगळं काम मलेच दिलं.”

“चांगलं झालं,” ती म्हणाली. तिने मशीनमध्ये लोखंडाचा तुकडा लावला. तो तुटेपर्यंत ती काट्याकडेच पाहत राहिली.

“काही म्हणणार नाही?” त्याने हळूच विचारलं.

“काय म्हणू?”

“नको जाऊ, असं.”

“म्हटलं तर थांबशील?”

“हो.”

तो इतक्या चटकन बोलला की ती घाबरली. इतके दिवस ‘तुम्ही’ होतं. आपण ‘तू’ कधी म्हणालो, हेही तिला कळलं नव्हतं.

“म्हणूनच नाही म्हणत. जा तू. पण... मले करमणार नाही, धम्मानंद.”

“मंग हे आधी काहून नाही सांगितलं वं?”

“आई गेल्यापासून कुणाची सवय लावून घ्यायला भीती वाटते.”

त्याने मशीनवरचा तिचा हात धरला. काजळी लागलेला, गरम हात. तिने सोडवून घेतला नाही.

स्टेशनवर ती त्याला पोचवायला गेली. गाडी सुटायची वेळ झाली तरी तो डब्याच्या दारातच उभा होता.

“दसऱ्याले उमरेडहून आमचं अख्खं घर दीक्षाभूमीवर येते. मी पण येतो. तू येशील?”

“कोण म्हणून?”

गाडीला हिसका बसला. ती डब्यासोबत चार पावलं चालली.

“घरची म्हणून!” तो ओरडला. शेजारच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली.

तिने मान हलवली, जोरात, त्याला दुरूनही दिसावी अशी. गाडी अजनीकडे वळून दिसेनाशी झाली. फलाट मोकळा झाला. दामिनी तिथेच उभी राहिली, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. बाहेर ऊन पेटलं होतं, आणि दसरा अजून खूप लांब होता.