मागचा डावा स्पीकर

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर खुमेंद्रनं होम थिएटरचं खोकं उघडलं. पाच स्पीकर, एक वूफर, अँप्लिफायर आणि वायरींची वेटोळी त्यानं सतरंजीवर मांडली. योगेश्वरी बाजूला उभी राहून पाहत होती. हे सगळं त्यानं तिच्यासाठी आणलं होतं, आणि तिला ते नको होतं.

गोंदियाच्या नागरा रोडवरचं त्यांचं घर लहानच. पुढं बैठक, बाजूला स्वयंपाकघर, बैठकीच्या मागच्या भिंतीपलीकडं एक खोली. मुलगी गुंजन इंजिनिअरिंगला नागपूरला गेली, तिचा गेमिंग कॉम्प्युटर बैठकीत राहिला. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या योगेश्वरीला सुट्टीच्या दुपारी त्यावर मोटारींच्या शर्यती खेळायची सवय लागली. तेव्हा पलीकडच्या खोलीत सासूबाई, तुलसाबाई, पलंगावर पडून असत. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. काही हवं असलं की त्या चांगल्या हातानं स्टीलचा गिलास पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवत. तीन ठोके, जरा थांबून दोन.

आषाढातल्या एका दुपारी घशात कफ अडकून त्या गेल्या. योगेश्वरी हेडफोन लावून खेळत होती.

"हेडफोन होते. मला ऐकू आलं नाही," एवढंच तिनं सांगितलं, आणि खुमेंद्रनं ते मानलं. तेराव्याला नणंद टाकून बोलली तेव्हा तोच मध्ये पडला. "तिले काऊन बोलतेस? कानावर थो डब्बा लावला का बाजूले फटाका फुटला तरी समजत नाही." पुढं एक दिवस त्यानं हेडफोन भिंतीवरच्या खिळ्याला टांगून टाकले. "आता स्पीकरवर खेळत जा. घरात काई झालं तं आयकू येईल."

त्याच्या या भलेपणापुढं तिला रोज तोंड लपवावंसं वाटे.

त्यानं कॉम्प्युटरची केबल टीव्हीला जोडली, टीव्हीची अँप्लिफायरला. शर्यत सुरू केली तर पुढचेच दोन स्पीकर बोलले.

"मागचे वाजून काऊन नाही राहिले?"

तिनं गुंजनला फोन लावला.

"मम्मी, टीव्हीला बीच में कायले आणलं? तो दोनच चॅनल पुढे देऊन राहिला असेल. ग्राफिक्स कार्डची केबल सीधी अँप्लिफायरला लाव, तिथून टीव्हीला. फिजिक्स कोण शिकवते घरात, तू का पप्पा?"

खुमेंद्र हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

केबल बदलली. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये स्टिरिओऐवजी पाच स्पीकर आणि वूफर असं निवडलं. अँप्लिफायरसोबत एक छोटा माईक होता. तो सोफ्यावर ठेवायचा आणि खोलीत कोणी बोलायचं नाही. एकेक स्पीकर पाळीपाळीनं खरखर करतो, आवाज माईकपर्यंत पोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र त्याचं अंतर काढतं. योगेश्वरीला हे आवडलं. वेग माहीत, वेळ माहीत, उरतं ते अंतर. यात कोणाच्या सांगण्यावर काही नसतं.

टीव्हीवर आकडे आले. पुढचे दोन २.४ मीटर. मधला २.३. मागचा उजवा १.७. मागचा डावा ५.६.

तो तर उजव्याइतक्याच अंतरावर होता.

तिनं पुन्हा मोजणी लावली. ५.६. वूफरचा आकडा कधीकधी फुगतो हे तिनं वाचलं होतं, बाकीच्यांचा फुगायचं कारण नव्हतं. तिनं मागच्या दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली. मग वायरीही बदलल्या. आकडा डाव्या कोपऱ्यातून हलला नाही.

"लय खोलात नको जाऊ," खुमेंद्र म्हणाला. "मी चहा ठेवतो."

तो आत गेल्यावर तिनं टेप काढला. सोफ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत १.९. भिंतीची जाडी ०.२. ती पलीकडच्या खोलीत गेली. पलंग देऊन टाकला होता, पण फरशीवर त्याच्या पायांचे चार गंजके डाग होते. खोलीत अजून वाफवलेल्या भातासारखा कोंदट वास होता. भिंतीपासून उशाकडच्या डागापर्यंत टेप ताणला. ३.५.

बेरीज तिनं एकदाच केली.

परत येऊन तिनं अँप्लिफायरमधला ५.६ खोडला आणि हातानं १.७ घातला. मग टेस्टसाठी कॉम्प्युटरवर मागच्या डाव्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक केलं.

स्टील लोखंडावर आपटलं. तीनदा. जरा थांबून दोनदा.

खुमेंद्र दोन्ही हातांत कप घेऊन दारात उभा होता.

"माय वाजवे, तसंच."

"टेस्टचा आवाज आहे, अजी. असाच असतो."

त्यानं मान डोलावली. हेही मानलं. कप टेबलावर ठेवून तो तिच्या खुर्चीत बसला आणि खिळ्यावरचे हेडफोन काढले.

"एक डाव लावून पायतो."

"कायले?"

"माझ्याच मनासाठी. आयकू येत नाही, हे एकदा स्वतः पायलं का मग कोनी काई म्हनो. तू तुझा खेळ लाव, जसा त्या दिवशी होता. आन् मागून थो आवाज दे."

तिनं शर्यत लावली. तोच रस्ता, तेवढाच आवाज. खुमेंद्रनं हेडफोन नीट बसवले आणि स्क्रीनकडं पाहू लागला. तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. क्लिक करायचं नाही. काही वाजणार नाही, त्याचं समाधान होईल, दोघं चहा पितील.

मागून तीन ठोके आले.

खुमेंद्रचा हात वर गेला. डाव्या कानावरचा हेडफोन त्यानं दोन बोटांनी जरासा उचलला.

त्या दिवशी तिनंही अस्साच उचलला होता. एवढी फेरी संपू दे, असं मनाशी म्हणून परत सोडला होता.

दोन ठोके.

खुमेंद्रनं हेडफोन काढले आणि तिच्याकडं वळला. त्याचे ओठ हलत होते. तिला शब्द ऐकू येत नव्हते. पंख्याची घरघर नव्हती, रस्त्यावरची ऑटो नव्हती. फक्त गिलास.

"त्या दिवशी मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "मी उठले नाही."

स्वतःचा आवाजही तिच्यापर्यंत पोचला नाही. तिनं तेच पुन्हा म्हटलं, घसा दुखेपर्यंत मोठ्यानं.

खुमेंद्र तिच्या ओठांकडं पाहत होता. त्यानं बोट आपल्या कानाकडं नेलं, आणि सावकाश, नकारार्थी मान हलवली.