आखायचे राहिलेले डोळे

आदेश दिल्लीला गेला तो आपल्याच आईला बघायला, आणि तेही तिकीट काढून. पेणच्या गणपती कारखानदाराच्या पोरावर अशी वेळ यावी, म्हणजे काय म्हणावं!

आई म्हणजे शाडूची. कृष्णाबाई वारल्यावर आदेशच्या बापानं, जनूनं, तिची मूर्ती घडवली होती. मांडी घालून साच्यात माती दाबणारी बाई. सगळं हुबेहूब, फक्त डोळे आखले नव्हते. त्यांच्या कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी आखत, आणि एकदा आखले की मूर्ती जागी झाली असं मानत. मग तिला पाण्यात पोचवल्याशिवाय सुटका नाही. जनूला बायको अजून जवळ हवी होती. मरताना मात्र तो म्हणाला, "आता तूच डोळे आख नि आयेला भोगावतीत सोड. अशी आंधळी ठेवू नको रे."

आदेशनं हो म्हटलं. मग दिल्लीच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातली माणसं आली, बिनडोळ्यांची बाई बघून हरखली, आणि यानं ती विकून टाकली. घरावर स्लॅब चढला, नाव झालं. त्याची बायको नूतन मात्र त्या स्लॅबखाली कधी धड झोपली नाही. तिनंच हट्टानं त्याला दिल्लीला नेलं.

संग्रहालय गारठलेलं, पांढरंफेक. एका दालनात गंजकी लोखंडी पिंपं मांडलेली. तसली पिंपं नूतननं धाटावच्या रासायनिक कंपन्यांबाहेर ढिगानं पाहिली होती. पुढच्या दालनात शिरताना तिचा पाय अडखळला. एसीच्या त्या कोरड्या हवेत ओल्या शाडूचा वास येत होता.

आई एकटीच बसली होती. चौथऱ्यावर तिच्या मांडीखाली ओल पसरली होती.

"रोज सुबह पोंछता हूँ," कोपऱ्यातला रखवालदार हलक्या आवाजात म्हणाला. "छत तो सूखी है, साहब. पता नहीं, कहाँ से..."

रखवालदार पुढच्या दालनात गेला तशी नूतननं पर्स उघडली. आत सासऱ्याची आखणीची कुंचली होती आणि काळ्या रंगाची डबी.

"अवो... हात पोचतोय. आखा नि मोकळं करा तिला."

"येडी झालीस? कॅमेरे हायत. पुढचं प्रदर्शन जाईल हातचं."

"नि बाबांना दिलेला शब्द?"

आदेशनं हात खिशात घातले. त्याला लाज वाटली, मनापासून वाटली, पण हात खिशातच राहिले. निघताना पाठीमागून माती थापल्याचा आवाज आला... थप्... थप्... लहानपणी झोपेत ऐकू यायचा तसाच. त्यानं वळून पाहिलं नाही.

पेणला परतले, तोच संग्रहालयातल्या सुरभी मॅडमचा फोन. "आदेशजी, डोळे सुंदर आखलेत हो. पण आमची परवानगी न घेता..."

"मी... मी नाय आखले."

"कॅमेऱ्यातही कुणी दिसत नाही. असो. उद्या सकाळी पुसून घेतो."

"पुसू नका! ती जागी झालीय, मॅडम. पैसे परत घ्या, पण तिला द्या. पाण्यात सोडायला हवी..."

मॅडम जराशा हसल्या. "ती आता आमच्या संग्रहात आहे, आदेशजी."

नूतननं पर्समधून कुंचली काढली. कुंचलीचे केस काळ्या रंगानं ओले होते. डबीचं झाकण तर अजून घट्टच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदेशनं कारखान्याचं शटर उचललं. आई ज्या पाटावर बसायची तो तिला विकल्या दिवसापासून रिकामाच होता. आज त्याच्यावर पाणी होतं. आदेशनं फडकं घेतलं आणि खाली बसून पुसू लागला, त्या रखवालदारासारखा. पाट कोरडा झाला. मग पुन्हा ओला झाला, आणि फडकं काळं येऊ लागलं.

"तिकडं पुसाया लागले वाटतं," दारातून नूतन म्हणाली.

आदेश जोरजोरात पुसत राहिला. कोऱ्या लाकडावर काळे ओघळ परत उमटत होते. दोनच होते, आणि त्यांच्यात दोन डोळ्यांत असतं तेवढंच अंतर होतं.