नियम चौथा

उंब्रजच्या स्टँडवरून सुटणारी पाटणची एसटी, खिडकीत वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेल.

बंगळुरूचा मेल — उत्तर शुक्रवारी सहाच्या आत.

उसाचं एक पाचट.

"आधी तुमी." "न्हाई, आधी तुमी."

ही सगळी एकाच गोष्टीची टोकं आहेत, हे मार्चमध्ये उंब्रजला उतरलेल्या प्रियदर्शनीला ठाऊक नव्हतं. ती कुंडलची, सांगलीत एका छोट्या कंपनीत कामाला. पाणीसंस्थेचं ऑफिस कुठंय, असं तिने बाकावरच्या उंच तरुणाला विचारलं. त्याने आपली बॅग खांद्याला लावली. "चला, मी तिकडंच निघालोय."

तो धैर्यशील. संस्थेची विजेची कामं बघायचा.

तिच्या कंपनीला मिळालेलं काम असं होतं — एका पाइपवर पाणी सोडायची दोन दारं, एक वरच्या वस्तीचं, एक खालच्या. दोन्ही एकदम उघडली तर पाणी कुठंच धड पोचत नाही. म्हणून प्रत्येक दारापाशी एक छोटा कॉम्प्युटर बसणार आणि दोघे एकमेकांना निरोप धाडून पाळी ठरवणार. पण त्याआधी प्रियदर्शनी त्यांचे नियम एका वेगळ्याच, गणितासारख्या भाषेत लिहायची. त्या भाषेने साधा बल्ब पेटत नाही. पण नियम लिहून दिले की एक प्रोग्रॅम त्यांतून घडू शकेल ते सगळं घडवून बघतो. निरोप हरवला तर... उशिरा पोचला तर... दोघे एकदम बोलले तर...

नियम गोळा करत दोघं बांधाबांधानं हिंडली. जुने पाटकरी आकारामआण्णा, हयातभर पाणी सोडलेले, त्यांनी सांगितलं की दोन्ही वस्त्या सोयऱ्या. तहान एकदम लागली तर दुसऱ्याला आधी द्यायची रीत. धैर्यशीलला ती फार आवडली. तिने लिहून घेतली. नियम चौथा. लिहिताना ओढणीला पाचट अडकलं, ते त्याने काढलं आणि हात — जरा उशिराच मागे घेतला.

मग बंगळुरूची नोकरी आली. जाऊ का, असं तिने त्याला आडून विचारलं. तो म्हणाला, तुमी ठरवा. ती म्हणाली, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. तो म्हणाला, तुमाला वाटंल ते. दोन आठवडे असेच गेले.

शुक्रवारी दुपारी प्रोग्रॅम अडला. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"नऊ पायऱ्यांत अडकतं. वरचं दार म्हणतं आधी तुम्ही. खालचं म्हणतं आधी तुम्ही. मग —"

"मग?"

"मग काही नाही. जन्मभर."

"पण वाईट तर काय घडलं न्हाई."

"वाईट काहीच नाही. पाइप शाबूत, भांडण नाही. फक्त पाणी कुणालाच नाही."

दाराशी बसलेले आण्णा खाकरले. "दोनदाच म्हणायचं असतंय रं. तिसऱ्यांदा ज्याचं वय जास्त, त्यानं मुकाट दार उघडायचं. न्हाईतर ऊस वाळतोय."

हे आधी का नाही सांगितलंत, असं तिने विचारलं. तुमी इचारलं न्हाई, म्हणत आण्णा चहाला उठले.

वरचं दार थोरलं धरून तिने नियम दुरुस्त केला. प्रोग्रॅम शेवटपर्यंत धावला, कुठंही न अडता.

"तुमचा जन्म कवाचा?" तिने त्याच्याच बोलीत विचारलं.

"नोव्हेंबर. अठ्ठ्याण्णव."

"माझा जून. अठ्ठ्याण्णवच. म्हणजे मी थोरली... धैर्यशील, मला तुम्ही आवडता."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. कान लाल झाले होते.

"निरोप पोचला का?"

"पोचला," तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू — "लय दिवस झाले, वाट बघत हुतो."

पावणेसहाला तिने मेल लिहिला — दारं सुरू करून जूनमध्ये रुजू होते. त्याने तो खांद्यावरून वाचला.

"बंगळुरूतबी दारं असतीलच की. वायरमन लागंल त्यांना."

"आधी तुमच्या आईला विचारा."

"आधी तुमी —" तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

मार्चमध्ये ती स्टँडवर रस्ता विचारत होती तेव्हा धैर्यशील रजेवर होता, आणि त्याला जायचं होतं ती पाटणची एसटी समोरून सुटत होती.