घुम्याच्या सहा हजार ओळी

मोबाईल ठेवा खाली. सगळ्यांनी. उद्या तुमची प्रोजेक्टची परीक्षा, आणि मघाशी जिन्यावर बसून कुजबुजत होतात ना, कोणाचं काम कोणाच्या नावावर खपवायचं ते? मामाला ऐकू येतं. वीस वर्षं या लॅबच्या चाव्या सांभाळतोय मी, कान अजून शाबूत आहेत. म्हणून सांगतो. हे कुठं वाचलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं, त्यानं पहाटे माझ्या खोलीत बसून, दातावर दात आपटत सांगितलंय. आणि हसायचं असेल त्यानं आत्ताच उठून जावं.

त्याला सगळे गोडबोल्या म्हणायचे. शेवटच्या वर्षाला होता. सरांना हसवावं, क्लार्ककडून बुडालेली हजेरी भरून घ्यावी, मुलाखतीत चार वाक्यं फेकून नोकरीचं पत्र खिशात घालावं, यात त्याचा हात कोणी धरत नसे. प्रोग्राम मात्र दोन ओळींचा येत नव्हता. आणि पास झालास तरच नोकरी, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं.

प्रोजेक्टला जोडीदार मिळाला घुम्या. दिवसभरात चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. शिंप्याचा पोरगा. त्यानं बापासाठीच प्रोग्राम लिहायला घेतला. माणसाचा फोटो दाखवला की मापं निघायची, आणि कापड कसं बेतलं म्हणजे कमी वाया जाईल, तेही पडद्यावर दिसायचं. घुम्यानं लिहिल्या सहा हजार तीनशे ओळी. गोडबोल्यानं चाळीस. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

परीक्षेला तीन आठवडे उरले आणि घुम्याला ताप भरला. चार दिवस पोरगा नऊ नंबरच्या मशीनवर बसून होता. ऐन उन्हाळ्यात अंगात स्वेटर. "उरलेलं तू करशील का?" एवढंच म्हणाला. गोडबोल्या म्हणाला, "अरे राजा, तुझ्याशिवाय कोणाला जमणारे? एवढं संपव, मग झोप की खुशाल." त्यानं संपवलं. पाचव्या दिवशी त्याला दवाखान्यात नेला, सहाव्या दिवशी तो गेला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घुम्याचे वडील आले. पोरानं काय केलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं, म्हणून परीक्षेला हजर राहायची सरांची परवानगी काढून आलेले. व्हरांड्यात गोडबोल्या भेटला.

"तू त्याचा जोडीदार ना रे बाळा? काय काय केलं होतं त्यानं?"

"काका, खरं सांगू? राग मानू नका. तसं फार काही नाही. मीच करायचो सगळं. तो शेजारी बसायचा."

शिंपीकाका "बरं" म्हणाले आणि बाकावर बसले. मी तिथंच दिव्याची नळी बदलत होतो. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण मी पडलो शिपाई, गप्प राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

रात्री गोडबोल्याच चावी मागायला आला. "मामा, रिपोर्टच्या प्रती छापायच्यात, दहा मिनिटं." दिली. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांनाच देतो.

छापायचं काही नव्हतं. कॉलेजच्या सर्व्हरवर प्रत्येक प्रोजेक्टची नोंद राहते, तुम्हाला मी काय सांगणार. कुठली ओळ कोणी लिहिली, किती वाजता लिहिली, आणि सोबत एक छोटी टीप. बाहेरचे परीक्षक तीच नोंद उघडून प्रश्न विचारतात. तिथं वरपासून खालपर्यंत घुम्याचं नाव. गोडबोल्याला ते पुसायचं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, ती अशी.

मे महिन्याची अकरा तारीख, मंगळवार. रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यानं लॅबचं कुलूप काढलं. चाळीस मशीन, सगळी बंद. दाराजवळच्या तीन नंबरवर तो बसला. कोणा सीनियरनं लिहून दिलेली कमांड मारली. सगळा इतिहास नव्यानं लिहिला गेला, ओळ न् ओळ त्याच्या नावावर. सर्व्हरवर चढवला. पान पुन्हा उघडून पाहिलं. घुम्या कुठेच नव्हता. त्याला हसू आलं, हे त्यानंच मला सांगितलं.

अकरा बावन्न. तो बॅग उचलणार, तोच पानावर एक नवी नोंद उमटली.

नाव घुम्याचं. वेळ अकरा बावन्न. टीप होती, "माझं परत घेतोय."

कोणीतरी चावट पोरगा खोडी काढतोय, असं त्याला वाटलं. त्यानं पासवर्ड बदलला. तरी शंभर ओळी घुम्याच्या नावावर गेल्या. मग पाचशे. मग दोन हजार. त्यानं नेटची वायर उपटून काढली.

नोंदी येतच राहिल्या.

मग आवाज आला. टक. टक टक. मागून.

त्यानं वळून पाहिलं. नऊ नंबर. पडदा काळा. खुर्ची रिकामी. कीबोर्डची बटणं मात्र खाली जात होती... वर येत होती...

"कोण आहे?"

टकटक थांबली.

त्यानं मान फिरवली. पडद्यावर नवी टीप. "तुझ्या चाळीस काढल्या."

त्याची पाचावर धारण बसली. मशीन बंद करायला त्यानं दोन्ही हात पुढे नेले. बोटं बटणांवर टेकली. टेकली ती सुटेनात. बटणं गरम होती. तापलेल्या कपाळासारखी. तो ओढत होता. रडत होता.

"अरे राजा... ऐक ना... मी..."

जन्मात पहिल्यांदा गोडबोल्याला पुढचा शब्द सुचेना.

टकटक पुन्हा सुरू झाली. आता मागून नव्हती.

शेजारच्या खुर्चीतून.

त्यानं तिकडे पाहिलं नाही. डोळे पडद्यावर रोखून बसला. अक्षरं एकेक करून उमटली.

"माझं सगळं आलं."

मग बराच वेळ काही नाही...

"आता तुझं."

बारा वाजून चार मिनिटांनी हात सुटले. धावत माझ्या खोलीवर आला. मी दिव्याखाली त्याचे तळवे पाहिले. भाजल्याचा डाग नाही, फोड नाही. पहाटेपर्यंत तो कोपऱ्यात बसून राहिला. "नापास झालो तर होऊ दे, पण मामा, मला तिथं पाठवू नका," म्हणाला. मी म्हटलं, "जायचं. त्या बापासमोर उभं राहायचं."

सकाळी दहाला परीक्षकांनी नोंद उघडली. सहा हजार तीनशे ओळी, सगळ्या एकाच नावाच्या. तारखा जुन्या, जशाच्या तशा. रात्रीचं काहीच नाही. शिंपीकाका पडद्याशी गेले आणि बोट ठेवून एकेक वेळ वाचू लागले. "पहाटे तीन वाजता... पहाटे चारला... अरे, तेव्हा तर त्याला ताप होता." काकांनी डोळे पुसले आणि गोडबोल्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परीक्षकांनी विचारलं, "दुसरा विद्यार्थी कोण? नोंदीत त्याची एक ओळ दिसत नाही. हजर आहे एवढं तरी लिहू द्या." सहीशेजारी अंगठ्याचा ठसा लागतो. शाईचा पॅड मीच धरला होता.

गोडबोल्यानं कागदावर अंगठा टेकवला. निळा डाग उठला. नुसता डाग.

"नीट दाबा," परीक्षक म्हणाले.

पुन्हा डाग. मग दुसरा अंगठा. मग एकेक करून सगळी बोटं. कागदावर दहा निळे डाग झाले. मी त्याचे हात धरून खिडकीशी नेले, शाई पुसली आणि उजेडात पाहिलं.

दहाही बोटं तान्ह्या बाळाच्या गालासारखी गुळगुळीत. एकावरही रेष नव्हती.