बाप्तिस्म्याच्या वहीतला इनॉक

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो!

१९७४ सालचा नोव्हेंबर. लिंकनशायरमधलं आमचं हॅगवर्थ गाव. चर्चमागची जुन्या वह्यांची खोली. दुपारचे चारच वाजले होते, पण दाटून आलं होतं.

ऑड्री सकाळपासून वह्या उपसत होती. तिच्या पणजोबांच्या, इनॉकच्या थडग्यावरचा दगड पार झिजला होता. नवा तयार होता, फक्त जन्मसाल कोरायचं राहिलं होतं. पाथरवट उद्या सकाळी येणार.

नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली, पण तोंड शाबूत. "चुकीचं साल कोरलंस ना ऑड्री, तर भूत होऊन छळीन तुला!"

शेवटी बाप्तिस्म्याच्या वहीत नाव दिसलं. इनॉक. १८११. आईबापांची नावंही जुळली.

"सापडला एकदाचा!"

"मग निघा की बाई," चर्चचा राखणदार अ‍ॅम्ब्रोझ कुरकुरला. "माझा चहा गारठला तिकडे. मेलेली माणसं कुठे पळून जातायत?"

तो पुढचे दिवे मालवायला गेला. ऑड्रीने वही मिटली.

तेवढ्यात...

तान्हं मूल रडलं.

अगदी जवळ. टेबलाखाली असावं तसं.

तिने वाकून पाहिलं. कुणी नाही.

ती दाराकडे धावली. दार बाहेरून बंद!

"अ‍ॅम्ब्रोझ! अहो, चेष्टा पुरे!"

रडणं वाढत गेलं... आणि एकदम थांबलं.

ती शांतता त्या रडण्याहून वाईट.

तिचा हात कसा कोण जाणे, दुसऱ्या वहीवर गेला. दफनाची वही. ती तिने उघडलीच नव्हती.

इनॉक. १८११. वय... एकोणीस दिवस.

तिने बाप्तिस्म्याची वही पुन्हा उघडली. १८१३. तेच आईबाप. पुन्हा इनॉक!

मेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला द्यायची रीत गावात कुणाला ठाऊक नाही? नेमकी ऑड्रीच विसरली. एकोणीस दिवसांच्या बाळाला तिने बायको दिली, सात पोरं दिली, आता म्हाताऱ्याचा दगडही त्याच्याच सालाने कोरायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी १८१३ कोरलं गेलं. पंधरवड्याने आई समाधानाने गेली.

त्या बाळाला मात्र अजून दगड नाही.

बरं, एवढं एक मी पदरचं घातलं हो. दार बंद नव्हतं. सताड उघडं होतं. ऑड्री केव्हाच पळाली असती.

पण तिचं बोट कुणीतरी धरून ठेवलं होतं... इवल्याशा मुठीत.