जाम नदीतले दोघे

सौंसरहून निघालेली बस पांढुर्ण्याला पोचली तेव्हा पोळा फुटून गेला होता. दारोदारी बैल ओवाळले जात होते, गल्लीगल्लीत पुरणाचा वास दरवळत होता, आणि तहसील कचेरीतला बाबू विनायक खांद्याला पिशवी अडकवून सासुरवाडीला निघाला होता. पिशवीत तुपाचा डबा आणि नवं धोतर. नदीपलीकडे सावरगावला उद्या त्याच्या मेव्हण्याचं, श्रीकांतचं वर्षश्राद्ध होतं. बायको, जयश्री, त्यासाठी आधीच माहेरी आली होती. जावयाला येणं भाग होतं, नाहीतर विनायक या दिवसांत इकडे फिरकणारा नव्हता. पांढुर्ण्याचं घर सोडून, हातापाया पडून त्याने सौंसरला बदली करून घेतली होती ती याचसाठी.

कारण उद्या गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा, आणि अलीकडून पांढुर्ण्याने, पलीकडून सावरगावने दिवसभर एकमेकांवर दगडांचा मारा करायचा. झेंडा देवीला चढला की वैर संपलं. डोकं फुटलेला आणि फोडणारा, दोघं सोयरेच. गोटा कोणाचा लागला हे कधी कोणी विचारत नाही. ही रीत आहे, आणि या रीतीच्या आडोशाला विनायक वर्षभर मूग गिळून बसला होता.

गेल्या साली सकाळीच श्रीकांतने चारचौघांत त्याची थट्टा केली होती. "भाऊजी, तुमचा गोटा त नदीतच पडते. तुम्ही आपले कचेरीत शिक्केच मारा!" सगळे हसले. विनायकही हसला. दुपारी श्रीकांत झेंड्याचं झाड तोडायला कुऱ्हाड घेऊन पोचला, बुंध्याशी वाकला. त्याचं लक्ष नव्हतं. बाकीचे नुसते दगड भिरकावत होते, विनायकने नेम धरला. फरक एवढाच. श्रीकांत पडला तो उठला नाही.

पुलावर ओळखीची माणसं भेटतील म्हणून विनायक पात्रात उतरला. पाणी घोट्याएवढंच होतं. काठावर सावरगावची म्हातारी चंद्रकला बकऱ्या हाकत होती.

"जवाईबापू, पुलावरून जा ना! आज पात्रात काहून उतरता?"

"काहून? काय होते?"

म्हातारीने आवाज खाली आणला. "पोळ्याच्या सांजीले नदीत आपलाच मागचा दिसते, होऊन गेलेला, नि आपलाच पुढचा, होणारा. मागच्याले सांगता येते, तो ऐकते. पुढच्याले विचारता येते, तो खरं सांगते. पण बोलणं एकाशीच. एकाकडे गेलं का दुसरा उठून जाते."

"तुम्ही कोणाकडे गेल्या होत्या, आजी?" विनायकने हसून विचारलं.

"पुढचीकडे. बुढा जंगलातून घरी येईन का, म्हणून विचारलं. मागचीले सांगतलं असतं, जाऊ नको देऊ म्हणून, त..." ती थांबली. मग एकाएकी बकऱ्यांवर खेकसली आणि चढ चढून गेली.

विनायक शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता, असं तो कचेरीत सांगत असे. पण पात्राच्या मध्यावर पोचता पोचता बेडकांचा आवाज थांबला. गावातल्या घुंगरमाळाही ऐकू येईनात. गाळाचा आंबूस वास तेवढा नाकात भरला. आणि पाठीमागून, पांढुर्ण्याच्या काठावरून आवाज आला. खट्... खट्...

त्याने वळून पाहिलं. एक माणूस दगडांचा ढीग रचत होता. एकेक दगड उचलायचा, हातात तोलून पाहायचा, ठेवायचा. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. तो शर्ट विनायकने गेल्या साली, त्या दिवशी घरी येताच स्वतःच्या हाताने चुलीत घातला होता.

त्याने सावरगावच्या काठाकडे तोंड फिरवलं, तर तिथे खडकावर एक म्हातारा पाठमोरा बसलेला. वाकलेले खांदे, विरळ केस, मानेवर डावीकडे मस. विनायकचा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला.

मागे दहा-बारा पावलं. एक शब्द पुरे होता. 'नको.' तेवढ्याने श्रीकांत आज घरात खिदळत हिंडला असता. हे विनायकला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण वर्षभर जयश्री त्याला वाढताना त्याच्या हातांकडे बघत होती, काही न बोलता. त्या बघण्याने त्याची झोप उडाली होती. तिला कळलं तर आपलं काय होईल, हा एकच किडा त्याचं डोकं पोखरत होता. माणूस असाच असतो, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण सगळी माणसं अशी नसतात. विनायक असा होता.

तो म्हाताऱ्याकडे गेला.

"आला?" म्हाताऱ्याने वळून न पाहता विचारलं. "तिकडे नाही गेला..."

"मले एकच सांगा..." विनायक म्हणाला. "श्रीकांतले माहाच गोटा लागला. मी नेम धरून मारला... हे जयश्रीले कधी कळलं का?"

म्हाताऱ्याचे खांदे हलले. तो हसत होता की रडत होता, कोण जाणे.

"आता कळलं," तो म्हणाला, आणि तसाच पाठमोरा राहून त्याने बोट वर केलं.

वर काठावर जयश्री उभी होती. नवरा अजून का आला नाही म्हणून ती कंदील घेऊन पाहायला निघाली होती. विनायकने पुन्हा खाली पाहिलं तेव्हा खडक रिकामा होता.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने कंदील खाली ठेवला.

"जयश्री, मी... आपलं असंच बडबडून राहिलो होतो..."

"मी ऐकलं," ती म्हणाली. "सगळं ऐकलं. पण मले एक सांगा... पलीकडं तो कोण होता?"

"कोण?"

"तुमच्याच आवाजात बोलून राहिला होता. मी आली तवापासून ऐकून राहिली. रडकुंडीला येऊन विचारून राहिला होता... 'मारू का नको? कोणी सांगा ना... मारू का नको?'"

विनायकला दगडांखेरीज काहीच ऐकू आलं नव्हतं.

"तुम्ही इकडं वळले," जयश्री म्हणाली, "नि तो गप्प झाला."

तिने कंदील उचलला. "श्रीकांत माहा भाऊ होता. तुम्ही घरी येऊ नका." एवढं बोलून ती चढणीला लागली. तिच्या मागे जायला विनायकने पाय उचलला.

तेवढ्यात पांढुर्ण्याच्या काठावरून काहीतरी सणसणत आलं आणि त्याच्या डोक्यावरून पुढे, चढणीकडे गेलं. नेम धरून मारलेल्या दगडाचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. दगड कुठे पडला ते मात्र ऐकू आलं नाही. चढणीवरचा कंदील आता दिसत नव्हता. तो विझला की वळणाआड गेला, हे काही विनायकला कळलं नाही.